एका बिलावर तीन

सर्वणच्या रस्त्याला, जिथं पूर्वी टायरचं दुकान होतं,
तिथं आता काचेचं दार आपोआप उघडतं
आणि आत सगळ्यावर एकच नाव : रोज.
रोज तूरडाळ, रोज मीठ, रोज फिनेल.
पांढऱ्या पिशवीवर हिरवी अक्षरं,
ना हसरी बाई, ना गव्हाचं शेत.
जाहिरातीचे पैसे वाचवलेत म्हणे,
आणि त्यातले साडेअकरा रुपये मला दिलेत
डाळीच्या किलोमागं.

मी हिशेब ठेवते. ट्रक विकला तेव्हापासून ठेवते,
कॅलेंडरच्या उलट्या बाजूला, पेन्सिलीनं.
उकडे तांदूळ इथले बरे, खडा नाही.
साबण पाण्यात नुसता ठेवला तरी विरघळतो.
चहाला अर्धा चमचा पावडर जास्त लागते,
म्हणजे बचत तेवढी कमी. तेही लिहिते.
सोलं मात्र इथली नकोत, नुसता रंग सोडतात;
ती बुधवारी इस्पेरांसकडून,
ती घासाघीस ऐकत नाही, पण वर एक मूठ टाकते.

मामंजींना यातलं काही ठाऊक नाही.
त्यांच्यासाठी हत्तीचं चित्र असलेला पत्र्याचा डबा,
त्यात मी दर महिन्याला गुपचूप 'रोज' ओतते.
ते बशीत फुंकर घालतात, घोट घेतात, म्हणतात,
कुष्टाच्या पसऱ्यावरची पावडर. चव सांगते.

कुष्टा नार्वेकर.
खाण बंद पडली त्या साली
सात महिने त्यांनी वहीत लिहिलं, तोंडानं मागितलं नाही.
शेवटचे दोनशे फेडले त्या दिवशी
पान फाडून माझ्या हातात दिलं,
वर लिमलेटच्या दोन गोळ्या, पोरांना म्हणून.
पुढच्याच महिन्यात मी काचेच्या दारातून आत गेले.
तेव्हापासून त्यांच्या दुकानावरून जात नाही,
देवळामागची वाट धरते,
पाऊस नसला तरी छत्री उघडते.

शनिवारी रांगेत माझ्यापुढं
एक पांढरा सदरा उभा, मानेवर घामाचा नकाशा.
ढकलगाडीत साखर. फक्त साखर. नऊ पिशव्या.
काउंटरवरची मुलगी म्हणत होती,
अंकल, ऑफरची साखर एका बिलावर तीनच.
ते वळले.
मी तेलाच्या भावाची पाटी वाचू लागले,
तीन वेळा वाचली.

'म्हापशाचा होलसेलवाला याहून चार रुपये जास्त घेतो गो,'
कुष्टाबाब म्हणाले, जणू मीच काही विचारलं होतं.
'माझ्याकडे आता येतात ते पाव किलोवाले.
हे फोडायचं, तराजूत घालायचं, कागदात बांधायचं.
किलोची पिशवी ज्यांना एकदम परवडत नाही
त्यांना हे काचेचं दार काय कामाचं?'

मग माझ्या गाडीकडे बघत, हलक्या आवाजात :
'तुझ्या बिलावर तीन घेशील?'

घेतल्या.
माझ्या मागच्या पोराला त्यांनीच विचारलं,
त्यानं हेडफोन न काढता उरलेल्या तीन घेतल्या.
बाहेर, गाड्या लावतात तिथं, मी पिशव्या दिल्या,
त्यांनी पैसे दिले, सुटे, मोजून, नाण्यांसकट.
पायलटच्या मागं बसून, मांडीवर पोतं घेऊन
ते बाजाराच्या दिशेनं गेले.
एवढ्या वर्षांची माझी छत्री
त्यांनी पाहिली होती का, ते बोलले नाहीत.

घरी आले, चहा टाकला, हत्तीचा डबा उघडला.
मामंजींनी घोट घेतला. 'कुष्टाकडची?'
हो म्हटलं. तो भेटला होता, बरा आहे.

मग पेन्सील घेऊन बसले.
बिलाच्या तळाशी छापलं होतं :
आज आपली बचत, रुपये एक्याऐंशी.
त्यातले साखरेचे सत्तावीस
कुठल्या रकान्यात घालावेत कळेना.
कॅलेंडर तसंच उलटं ठेवलं
आणि डाळ धुवायला घेतली.
फेस जरा जास्त येतो हिला.